जुन्या पत्रिकेत कन्या लग्न, अॅपमध्ये सिंह: पत्रिकेचा पाया समजून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जन्म पुण्याचा, ५ ऑगस्टचा, सकाळी ९ वाजताचा. आजोबांनी टिळक पंचांगावरून करून घेतलेल्या पत्रिकेत कन्या लग्न (जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) आहे आणि जन्मवेळी चंद्राची महादशा, म्हणजे आयुष्यातला चंद्राच्या वाट्याचा काळ, सव्वातीन वर्षं शिल्लक दाखवली आहे. हीच माहिती मोबाइलच्या अॅपमध्ये भरली की सिंह लग्न येतं आणि चंद्रदशा सव्वासहा वर्षं. खरी पत्रिका कोणती? आणि ज्योतिष शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात याच प्रश्नापासून करावी. बहुतेक जण पहिल्या दिवशी 'सप्तमात शनी म्हणजे काय' हे विचारतात, पण तो शनी सप्तमात आहे हे कुणी ठरवलं, कोणत्या गणिताने ठरवलं, हे पाहत नाहीत. गणित चुकलेलं असेल तर त्यावर सांगितलेलं फलित कितीही सुंदर असलं तरी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी पत्रिकेचं असतं.

आधी चौकट. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे आकाशातल्या रविमार्गाचे, ३६० अंश. त्याचे ३० अंशांचे १२ भाग म्हणजे राशी. त्याच वर्तुळाचे २७ भाग केले की नक्षत्रं. एका अंशाच्या ६० कला, म्हणून एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे ८०० कलांचं. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, एक चरण २०० कला. सगळे मिळून १०८ चरण, आणि एका राशीत बरोबर नऊ चरण बसतात. हाच राशीचा नववा भाग म्हणजे नवमांश. ही मापं पाठ असायलाच हवीत, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं.

रोजच्या पंचांगाची अंगंही याच अंशांतून येतात. चंद्र रवीच्या पुढे दर १२ अंश गेला की एक तिथी, ६ अंशांचं एक करण. दोघांच्या अंशांची बेरीज करून ८०० कलांनी भागलं की योग. तुमच्या उदाहरणात रवि कर्केच्या १९ अंशांवर, म्हणजे मेषारंभापासून १०९ अंशांवर आहे. तुमच्या अॅपमध्ये चंद्र वृषभेच्या १५ अंशांवर, म्हणजे ४५ अंशांवर असेल. (हे सव्वासहा वर्षांच्या शिल्लक दशेवरून कळतं, कसं ते पुढे येईल.) ४५ मधून १०९ जात नाहीत, म्हणून ३६० मिळवा: ४०५ वजा १०९ म्हणजे २९६. त्याला १२ ने भागलं की २४ पूर्ण आणि पंचविसावी तिथी चालू, म्हणजे वद्य दशमी. पत्रिकेवर लिहिलेली तिथी याच्याशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर तारीख, वेळ किंवा चंद्र यांपैकी काहीतरी चुकलं आहे. ही पडताळणी दोन मिनिटांची आहे आणि कोणत्याही पत्रिकेवर करता येते. शिवाय तिथीला अयनांशाचा (तो काय, ते लगेच पुढे येईल) फरक पडत नाही, कारण वजाबाकीत तो दोन्हीकडून निघून जातो.

आता अयनांश, म्हणजे तुमच्या दोन पत्रिकांमधला खरा वाद. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी सुमारे ५० विकला (एका कलेच्या ६० विकला) मागे सरकतो. साधारण ७२ वर्षांत एक अंश. पाश्चात्त्य ज्योतिषी संपातापासून राशी मोजतात, ते सायन. आपल्याकडे ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर आरंभबिंदू धरतात, ते निरयन. या दोन आरंभांमधलं अंतर म्हणजे अयनांश. पण तो स्थिर बिंदू नेमका कुठे, यावर एकमत नव्हतं. चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरायचा हा चित्रापक्ष. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने याच धर्तीवर २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला धरला. आज राष्ट्रीय पंचांग आणि बहुतेक संगणक प्रणाली त्यावरच चालतात; अॅपमध्ये त्याला 'लाहिरी' म्हणतात. टिळक पंचांग मात्र रेवतीपक्षाचं आहे, म्हणजे रेवती नक्षत्रातल्या एका ठरावीक ताऱ्यापासून आरंभ धरतं. त्यामुळे त्याचा अयनांश चित्रापक्षापेक्षा जवळजवळ ४ अंशांनी कमी येतो आणि प्रत्येक ग्रह, लग्नासकट, ४ अंश पुढे दिसतो.

तुमच्या जन्मवेळी पुण्याच्या पूर्व क्षितिजावर चित्रापक्षाने सिंहेचे साधारण २७ अंश येतात. त्यात ४ मिळवा: कन्येचा पहिला अंश. दोन लग्नं का, याचं उत्तर एवढंच आहे. आजोबांच्या ज्योतिषाने चूक केलेली नाही आणि अॅपनेही नाही. दोघांचे आरंभबिंदू वेगळे आहेत.

मग घ्यायचं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. शिकताना एकच अयनांश घ्या, तो चित्रापक्षाचा घ्या, आणि काही वर्षं तो बदलू नका. आज मिळणारी पंचांगं, पुस्तकांतली उदाहरणं आणि प्रणाली बहुतांशी त्यावर आहेत, म्हणून ताडून पाहणं सोपं जातं. कृष्णमूर्ती पद्धत ही ज्योतिषाची एक वेगळी पद्धत; तिचा अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे ६ कलांनीच कमी आहे. लग्न-राशीत त्याने क्वचितच फरक पडतो, पण त्या पद्धतीत नक्षत्राचे बारीक उपविभाग वापरतात, तिथे ६ कला महत्त्वाच्या ठरतात. घटना जुळत नाही म्हणून अयनांश बदलून पाहायचा, ही सवय मात्र अगदी लावून घेऊ नका. त्यातून काहीही सिद्ध करता येतं आणि काहीच शिकता येत नाही.

आणखी जुन्या पत्रिका पाहत असाल तर त्या ग्रहलाघवावरून केलेल्या असू शकतात. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, हा करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ, लिहिला आणि महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या त्यावर चालली. त्रिकोणमितीची कोष्टकं न वापरता ग्रह काढण्याची त्यातली हातोटी थक्क करणारी आहे. पण शतकं गेली तशी त्याची स्थिरांकं आणि आकाश यांत अंतर पडत गेलं, म्हणून तिथी-नक्षत्रांच्या वेळा दृक् (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या) पंचांगापेक्षा काही घटींनी मागेपुढे येतात. अशा पत्रिकेतली जन्मवेळ ठेवा आणि ग्रह नव्याने काढा.

जन्मवेळ हा दुसरा खांब, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. जुन्या पत्रिकेत वेळ घड्याळी नसते, 'सूर्योदयात् गत घटी' अशी असते. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. पुण्यात ५ ऑगस्टला सूर्योदय ६ वाजून १३ मिनिटांच्या सुमारास होतो. ९ वाजेपर्यंत १६७ मिनिटं झाली. २४ ने भागलं की ६ घटी ५७ पळं. पत्रिकेवर हाच इष्टकाळ (सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ) असेल तर वेळेबाबत दोन्हीकडे एकमत आहे असं समजा.

भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची आहे. स्थानिक वेळ दर अंशाला ४ मिनिटांनी बदलते. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे, पुण्याची ३५, नागपूरची जवळपास १४. अॅप हे स्वतः करतं, म्हणून त्याला प्रमाणवेळच द्या. आधीच स्थानिक करून दिली तर तीच दुरुस्ती दोनदा होते. पण १९५५ पूर्वीचा मुंबईचा जन्म असेल तर कुटुंबात सांगितली जाणारी वेळ प्रमाणवेळ की 'बॉम्बे टाइम' हे विचारावंच लागतं, कारण प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी शहरात जुनी वेळ तोपर्यंत वापरात होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात महायुद्धामुळे देशभर घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्या आजी-आजोबांच्या घड्याळी वेळेतून एक तास वजा करावा लागतो. काही प्रणाली हे आपोआप करतात, काही करत नाहीत. खात्री करण्यासाठी त्या काळातली एखादी तारीख घाला आणि प्रणाली त्या दिवसाचा वेळविभाग साडेपाच तास दाखवते की साडेसहा, ते पाहा.

रात्री बारानंतरच्या जन्मात तारखेची चूक होते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. 'रविवारी रात्री दोन वाजता' असं घरचे सांगतात तेव्हा तारीख सोमवारची असते आणि पत्रिकेत वार रविवारच लिहिलेला असतो. दोन्ही बरोबर. पण अॅपमध्ये रविवारची तारीख घातली तर चंद्र तब्बल १३ अंश मागे जातो, म्हणजे जवळजवळ पूर्ण नक्षत्र बदलतं.

परदेशातल्या जन्माबाबत एक चूक फार दिसते. न्यू जर्सीत मूल जन्मतं, इकडचे आजी-आजोबा ती वेळ भारतीय वेळेत बदलून घेतात आणि ठिकाण मात्र 'मुंबई' घालतात. यात चंद्र, नक्षत्र, दशा सगळं बरोबर येतं आणि लग्न पूर्ण चुकतं, कारण लग्न हे त्या गावाचं क्षितिज आहे. जन्मगाव तेच घाला, तिथलीच घड्याळी वेळ घाला, आणि उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे असतं ते प्रणालीने धरलं आहे का, हे बघा.

लग्नाबद्दल थोडं थांबून सांगणं गरजेचं आहे. बारा राशी चोवीस तासांत उगवतात म्हणून 'दर दोन तासांनी लग्न बदलतं' असं सांगतात. ते सरासरीने खरं आहे, पण सगळ्या राशी सारखा वेळ घेत नाहीत. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर कुंभ आणि मीन प्रत्येकी सुमारे १ तास ३६ ते ३८ मिनिटांत उगवून जातात. कर्क आणि वृश्चिक यांना जवळजवळ सव्वादोन तास लागतात. म्हणून मीन लग्नाचा एक नवमांश साडेदहा मिनिटांत संपतो आणि कर्क लग्नाचा पंधरा मिनिटं टिकतो. मीन लग्नाच्या पत्रिकेत दहा मिनिटांची शंका असेल तर लग्नाचा नवमांश बघूच नये.

तुमच्या पत्रिकेत सिंह लग्न ९ वाजून १३ मिनिटांच्या आसपास संपतं. म्हणजे चित्रापक्ष धरला तरी घड्याळ पंधरा मिनिटं मागे असतं तर कन्या लग्नच आलं असतं. लग्न राशीच्या शेवटच्या किंवा पहिल्या दोन-तीन अंशांत असेल तर ती संधीची पत्रिका. तिथे वेळेचा पुरावा तपासा: रुग्णालयाच्या नोंदीतली वेळ, आजीच्या वहीतली नोंद. आणि घरच्यांनी सांगितलेली वेळ '९', '९.३०' अशी गोल असेल तर तिला पाव तासाचं अंतर धरूनच चाला.

लग्न बरोबर आहे का, याची एक कागद-पेन्सिलीची तपासणी रवीवरून होते. सूर्योदयाच्या जन्मात रवि लग्नात असतो. सूर्योदयानंतर तो बाराव्यात, मग अकराव्यात सरकतो, मध्यान्हीला दशमाच्या आसपास, सूर्यास्ताला सप्तमात आणि मध्यरात्री चतुर्थात. सकाळी ९ च्या पत्रिकेत रवि बाराव्यात किंवा अकराव्यात हवा. तुमच्याकडे सिंह लग्न आणि कर्केचा रवि, म्हणजे बारावा: जुळलं. कन्या लग्न धरलं तर अकरावा, तेही चालतं. पण सकाळच्या पत्रिकेत रवि पाचव्यात दिसला तर सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झालेली आहे. रवि कोणत्या राशीत आहे हे तारखेवरूनच कळतं: साधारण १४ एप्रिलला मेष, १५ मेला वृषभ, १५ जूनला मिथुन, १६ जुलैला कर्क, १७ ऑगस्टला सिंह, १७ सप्टेंबरला कन्या, १७ ऑक्टोबरला तूळ, १६ नोव्हेंबरला वृश्चिक, १६ डिसेंबरला धनु, १४ जानेवारीला मकर, १३ फेब्रुवारीला कुंभ, १४ मार्चला मीन. एखादा दिवस मागेपुढे.

आता कुंडली वाचणं. महाराष्ट्रात चौकोनात तिरक्या रेघा मारलेली कुंडली काढतात. त्यात वरच्या मधल्या घरात लग्न आणि तिथून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, दुसरं, तिसरं अशी स्थानं. घरं हलत नाहीत. घरात लिहिलेला आकडा स्थानाचा नसून राशीचा असतो: १ मेष, २ वृषभ, १२ मीन. तुमच्या लग्नात ५ लिहिलेलं असेल, कारण सिंह पाचवी रास. नवशिके तिथेच 'पाचवं स्थान' वाचतात आणि सगळी पत्रिका चार घरं सरकते.

स्थानांची नावं तोंडपाठ करून टाका: तनू, धन, पराक्रम, सुख, संतती, रिपू, जाया, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ, व्यय. १, ४, ७, १० ही केंद्रं, १, ५, ९ त्रिकोण, ६, ८, १२ त्रिक, आणि ३, ६, १०, ११ उपचय, जिथे पापग्रह वयाबरोबर सुधारतात. राशींचे स्वामी: मेष-वृश्चिक मंगळ, वृषभ-तूळ शुक्र, मिथुन-कन्या बुध, कर्क चंद्र, सिंह रवि, धनु-मीन गुरू, मकर-कुंभ शनी. उच्च राशी: रवि मेषेत १० अंश, चंद्र वृषभेत ३, मंगळ मकरेत २८, बुध कन्येत १५, गुरू कर्केत ५, शुक्र मीनेत २७, शनी तुळेत २०, समोरच्या राशीत तितक्याच अंशांवर नीच. दृष्टी सगळ्यांचीच सातवी. मंगळाची आणखी चौथी-आठवी, गुरूची पाचवी-नववी, शनीची तिसरी-दहावी.

ग्रह 'चांगला' की 'वाईट' हे नुसत्या नावावरून ठरत नाही. लग्नानुसार तो कोणत्या स्थानांचा मालक आहे, यावर ठरतं. सिंह लग्नाला मंगळ चतुर्थाचा आणि नवमाचा स्वामी, केंद्र आणि त्रिकोण दोन्ही त्याच्याकडे, म्हणून तो योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा. कन्या लग्नाला तोच मंगळ तिसऱ्याचा आणि आठव्याचा स्वामी होतो आणि त्रासदायक ठरतो. आकाशातला मंगळ एकच, पण लग्न एक घर सरकताच त्याची भूमिका उलटली. म्हणून लग्नाचा निकाल लागल्याशिवाय फलिताला हात लावू नये असं म्हणतो.

एक स्थान कसं वाचायचं ते तुमच्याच सिंह लग्नावर पाहू. लग्नेश रवि, तो बाराव्यात कर्केत. इथे थांबून 'लग्नेश व्ययात, म्हणजे वाईट' म्हणणारे पुष्कळ आहेत. पुढे जा. रवि ज्या राशीत बसला तिचा स्वामी चंद्र. तो कुठे? वृषभेत, म्हणजे दशमात. ती त्याची उच्च रास. परमोच्चाचे ३ अंश ओलांडून १५ अंशांवर असल्याने मूळ त्रिकोणात, म्हणजे ग्रह बलवान मानतात अशा भागात. शिवाय नवमांश काढा. वृषभेचे नवमांश मकरेपासून सुरू होतात. १५ अंश म्हणजे पाचवा नवमांश, मकर-कुंभ-मीन-मेष-वृषभ. राशीत वृषभ आणि नवमांशातही वृषभ: चंद्र वर्गोत्तम, म्हणजे आणखी बलवान. आता वाक्य बदलतं. व्ययस्थान म्हणजे घरापासून दूरची जागा, रुग्णालय, आश्रम, परदेश. तिथला लग्नेश बलवान दशमस्थ चंद्राच्या आधाराने आहे. म्हणजे घरापासून दूर किंवा अशा संस्थांमध्ये कामाला वाव, असा कल दिसतो. यावर इतर ग्रहांच्या दृष्टी, दशमेश शुक्राची स्थिती आणि दशा पाहायची आणि मगच तोंड उघडायचं. क्रम नेहमी हाच ठेवा: स्थान, स्थानेश, तो ज्या राशीत आहे तिचा स्वामी, स्थानातले ग्रह, दृष्टी, कारक ग्रह (त्या विषयाचा प्रतिनिधी ग्रह), नवमांश. एका घटकावर निकाल देऊ नका. तीन घटक एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच ती गोष्ट सांगण्यासारखी.

चलित कुंडलीचा गोंधळही इथेच मिटवू. राशी कुंडलीत सिंहेतला प्रत्येक ग्रह लग्नात धरतात. चलितात लग्नाचा अंश हा भावाचा मध्य. २७ अंशांवर लग्न असेल तर पहिला भाव सिंहेच्या १२ अंशांपासून कन्येच्या १२ अंशांपर्यंत. सिंहेच्या ५ अंशांवरचा ग्रह तिथे बाराव्या भावात जातो. कृष्णमूर्ती पद्धतीत मात्र तोच अंश भावाचा आरंभ मानतात. सुरुवातीला राशी कुंडलीवरच राहा.

दशेचं गणित हातानेच करून पाहा, फार वेळ लागत नाही. विंशोत्तरी या दशापद्धतीची एकूण १२० वर्षं: केतू ७, शुक्र २०, रवि ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. हा क्रम अश्विनीपासून नक्षत्रांना लावत जायचा, म्हणजे रोहिणी येते चंद्राकडे. रोहिणी वृषभेच्या १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत. चंद्र १५ अंशांवर, म्हणजे ३०० कला झाल्या, ५०० उरल्या. ५०० भागिले ८०० गुणिले १० वर्षं: सव्वासहा वर्षं. अॅपचा आकडा आला. टिळक पंचांगाने चंद्र १९ अंशांवर. उरल्या २६० कला, म्हणजे सव्वातीन वर्षं. आजोबांच्या पत्रिकेचा आकडा आला. नक्षत्र तेच राहिलं, पण चरण दुसऱ्याचा तिसरा झाला, म्हणून नावरस अक्षरही 'वा' ऐवजी 'वी' लिहिलेलं असेल. पुढच्या सगळ्या दशा तीन वर्षं अलीकडे सरकल्या: चित्रापक्षाने राहूची महादशा वयाच्या सव्वातेराव्या वर्षी सुरू होते, टिळक पंचांगाने सव्वादहाव्या.

अंतर्दशेसाठी, म्हणजे महादशेच्या आतल्या छोट्या काळासाठी, दोन्ही ग्रहांची वर्षं गुणायची आणि १० ने भागायचं, उत्तर महिन्यांत येतं. राहूत गुरू: १८ गुणिले १६ म्हणजे २८८, भागिले १० म्हणजे २८.८ महिने, अर्थात २ वर्षं ४ महिने २४ दिवस. दोन प्रणालींच्या तारखा थोड्या वेगळ्या आल्या तर वर्ष ३६५ दिवसांचं धरलं की ३६० चं, ती निवड तपासा.

वेळेची चूक कुठे किती बोचते हेही यातून कळतं. जन्मवेळ १५ मिनिटांनी चुकली तर चंद्र साधारण ८ कलाच हलतो. दहा वर्षांच्या चंद्रदशेत तो फरक पाच-सहा आठवड्यांचा. पण त्याच १५ मिनिटांत लग्न साडेतीन-चार अंश सरकतं. म्हणून वेळ अंदाजे असलेल्या पत्रिकेत चंद्रराशी, नक्षत्र, दशा आणि गोचर (ग्रहांचं चालू भ्रमण) यांवर बोलावं. स्थानं आणि नवमांश यांवर जपून.

साडेसाती चंद्रराशीवरूनच मोजतात: शनी चंद्राच्या मागच्या राशीत आला की सुरू, पुढच्या राशीतून गेला की संपली; तीन राशी, प्रत्येकी अडीच वर्षं. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत आला, तेव्हापासून ती कुंभ, मीन आणि मेष राशींना आहे. तुमची रास वृषभ, म्हणून शनी मेषेत गेल्यावर सुरू होईल. लक्षात ठेवा, कुठल्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच, म्हणजे साधारण चौथाई लोकांना. या सगळ्यांचं एकदम वाईट होत नाही.

मंगळाचंही असंच. १, ४, ७, ८, १२ या पाच स्थानांत मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच स्थानं म्हणजे नुसत्या लग्नावरूनच शंभरातल्या चाळीसेक पत्रिका मंगळाच्या. चंद्रावरूनही पाहू लागलात तर निम्म्याहून खूप जास्त. एवढ्या मुलामुलींची लग्नं या एका नियमावर अडवणं हा शास्त्राचा गैरवापर आहे आणि तो थांबला पाहिजे. मंगळ स्वगृही किंवा उच्च असणं, गुरूची दृष्टी असणं असे अपवाद ग्रंथांतच दिलेले आहेत. ३६ गुणांचं मेलन तर फक्त दोघांच्या चंद्रनक्षत्रांवर चालतं: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. त्यात लग्न नाही, सप्तमस्थान नाही, दशा नाही. गुण जुळले म्हणजे पत्रिका जुळली असं मुळीच नाही. कालसर्प योगाने घाबरलेले लोकही खूप येतात. वराहमिहिराच्या बृहज्जातक या जुन्या प्रमाणग्रंथात या नावाचा योगच नाही.

नव्याने शिकणाऱ्याला मर्यादाही सांगायला हव्यात. पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याहून अधिक नाही. हा निकाल ज्योतिषाच्या विद्यार्थ्याने वाचलाच पाहिजे, टाळू नये. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की आजाराचं निदान, औषध थांबवणं, मृत्यूची तारीख, मुलाची बुद्धी हे पत्रिकेवरून सांगायचं नाही. कुणी सांगत असेल, आणि वर महागडी शांत सुचवत असेल, तर तिथून उठून यायचं.

सरावासाठी दाते किंवा तत्सम दृक् पंचांग, पाटी-पेन्सिल आणि घरातल्याच पाच-सहा पत्रिका पुरेशा आहेत. रोज पंचांगातलं चंद्रनक्षत्र पाहा आणि रात्री आकाशात चंद्र त्या नक्षत्राच्या ताऱ्याजवळ आहे का ते बघा. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे ठळक तारे सहज सापडतात. मग प्रत्येक पत्रिकेचं तिथीचं गणित, रवीवरून लग्नाची तपासणी, चंद्राचा चरण, नवमांश आणि जन्मवेळची शिल्लक दशा हाताने काढून अॅपशी ताडा. पाचही जुळू लागेपर्यंत फलिताचं पुस्तक बाजूला ठेवा. आणि तुमच्या दोन्ही पत्रिकांच्या माथ्यावर आजच लिहून टाका: एकीवर 'टिळक, रेवतीपक्ष', दुसरीवर 'चित्रापक्ष, लाहिरी', खाली जन्मवेळ कुणाकडून आणि कोणत्या नोंदीवरून मिळाली ते.